या हातात जवारी नाही

अपराध्याला शासन करू इच्छिणाऱ्याने प्रथम त्याला नीट ओळखले पाहिजे. शासन योग्य आहे की नाही हा विचार मागाहून करता येतो. ते नेमक्या माणसापर्यंत पोहोचते की नाही, हा विचार आधी करावा लागतो. जुन्या काळी ही ओळख पटवण्यासाठी साक्षीदार लागत, शपथा लागत, आणि इतके करूनही चूक होई. ज्या काळाची ही कथा आहे त्या काळात मात्र लोकांची अशी दृढ समजूत झाली होती की ओळखण्यात चूक होणे आता शक्यच नाही. कारण त्या काळी काच माणसाचा हात ओळखत असे.

कोणी परवलीचा शब्द पाठ करत नसे, की अंगठा उमटवत नसे. माणूस फोनच्या काचेवर सहज बोट फिरवी आणि काच त्याला ओळखे. मनुष्याचा हात कधीही पूर्णपणे स्थिर नसतो. अगदी निरोगी हातसुद्धा दर सेकंदाला आठ ते बारा वेळा अतिसूक्ष्म कंप पावत असतो. त्या कंपाचा वेग, बोट टेकण्यापूर्वीचा निमिषमात्र विलंब, दाब चढण्याची आणि ओसरण्याची रीत, या सर्वांची मिळून जी एक चाल होते तिला शास्त्रज्ञांनी ‘हस्तलय’ असे नाव दिले होते. दोन माणसांचे चेहरे सारखे असू शकतील, आवाज सारखे असू शकतील, हस्तलय सारखी असणार नाही, असे शाळेच्या पुस्तकांतूनही लिहिलेले असे.

मिरजेतल्या तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत जन्मलेल्या नसीम बारगीर हिने आपला पहिला खेळ अ‍ॅप स्टोअरवर प्रसिद्ध करायला घेतला, तो या काचेवर भरवसा ठेवून. खेळ साऱ्या जगाने खेळावा, अशी तिची इच्छा होतीच. पण तिच्याहून प्रबळ दुसरी एक इच्छा तिच्या मनात होती. जगातल्या एका माणसाने तो कधीही जिंकू नये.

त्या माणसाचे नाव जयवंत हेर्लेकर.

नसीमचे वडील दस्तगीर बारगीर हे जवारीचे कारागीर होते. तंबोऱ्याच्या तारा ज्या लहानशा आसनावरून जातात त्याला घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा कानशीने असा घासायचा, की तार त्याला पुरती टेकणार नाही आणि पुरती सुटणारही नाही; केसाच्याही अंशाइतकी चाटून जाईल. तसे झाले म्हणजे मुक्या तारेतून मधमाश्यांच्या मोहोळासारखा भरलेला नाद उठतो. त्या नादाला जवारी म्हणतात. ती कशी काढावी हे शब्दांत सांगता येत नाही, असे दस्तगीर मानत. म्हणून त्यांच्या कारखान्यात एक नियम होता: पहिले वर्षभर शिष्याने एकट्याने कानस धरायची नाही. दस्तगीर शिष्याला पुढ्यात बसवीत, त्याच्या हातावर आपला हात ठेवीत, आणि दोघांच्या हातांनी मिळून एक कानस चाले. वर्ष सरले की ते एके दिवशी न सांगता हात काढून घेत. पुष्कळदा शिष्याला ते कळतही नसे.

जयवंत त्यांच्याकडे नऊ वर्षे शिकला, त्यांच्या घरी जेवला, लहानग्या नसीमला खांद्यावर घेऊन उरुसात फिरला. नंतर तो शहरात गेला आणि मोठा झाला. त्याच सुमारास यंत्रांनी केलेली वाद्ये हातची म्हणून खपू लागली आणि सरकारने हस्तनिबंध नावाचे कार्यालय उघडले. कारागिराने तेथील काचेवर आपले काम करून दाखवायचे. त्याची हस्तलय नोंदली जायची. त्या नोंदीच्या शिक्क्याशिवाय हातची वस्तू म्हणून काही विकता यायचे नाही. जवारीच्या कामात पहिली नोंद जयवंताने केली. अर्जातल्या ‘गुरू’ या रकान्यात त्याने लिहिले: ‘नाही. स्वयंसिद्ध.’

दोन वर्षांनी दस्तगीर त्या कार्यालयात गेले, तेव्हा नसीम त्यांच्यासोबत होती. म्हाताऱ्याने काचेवर बोट फिरवले. यंत्राने क्षणभर विचार केला आणि एक शब्द उमटवला: अनुकृत.

“म्हणजे काय, साहेब?” दस्तगीरांनी विचारले.

“म्हणजे नक्कल, चाचा,” कारकून म्हणाला. “हा हात आधीच नोंदलेला आहे. हेर्लेकर साहेबांच्या नावावर.”

“आमच्या जयवंताच्या?”

“ओळखता की काय त्यांना?”

दस्तगीर किंचित हसले. “ओळखतो की. मग यंत्र बरोबर बोलतंय, बाबा. हात एकच आहे.”

अपमानाने अब्बांची बुद्धी बधिर झाली असावी, असे नसीमला वाटले. ते घरी आले, कानस त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि फळीवर ठेवली. पुढचे आठ महिने ते कारखान्याच्या ओट्यावर हात मांडीवर उपडे ठेवून बसत. नवव्या महिन्यात ते गेले.

मातीला आलेल्या जयवंताला नसीमने गल्लीच्या तोंडाशीच अडवले. “परत जा,” एवढेच ती म्हणाली. तो परत गेला, हेही तिने त्याच्या अपराधांत धरले.

त्या दिवसापासून तिच्या मनाने एक तर्क बांधला. अब्बांचा हात नक्कल असणे शक्य नाही. म्हणजे यंत्राचा निवाडा खोटा. म्हणजे जयवंताने काहीतरी कपट करून तो पदरात पाडून घेतला. म्हणजे त्याचा हात निराळा आणि अब्बांचा निराळा. प्रत्येक पायरी प्रेमाने घडवलेली होती, म्हणून एकाही पायरीवर पाय देऊन पाहावा असे तिला वाटले नाही.

नसीम पुण्यात शाळांसाठी संगणकावरचे धडे तयार करण्याच्या नोकरीत होती. खेळ तिने कधी केला नव्हता. तो करायला घेण्यापूर्वी ती मिरजेतच डॉक्टर विभावरी सोवनी यांना भेटली. साठीच्या या विदुषीने सारे आयुष्य हातांच्या कंपाच्या अभ्यासात घालवले होते.

“डॉक्टर, एकाच माणसाचा हात लाखांतून वेगळा काढता येईल?”

“तुझा फोन रोज तेच करतो की. पण हात म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, बाळ. उपास असला की कंप वाढतो. थंडीत बोटं आखडतात. घरात भांडण झालं असेल तर दाब बदलतो. फार बारीक जाळं लावलंस तर तुझा मासा आज सापडेल आणि उद्या सुटेल.”

“मग कसं करायचं?”

“जाळं मोठं करायचं. पण ते मोठं केलं की त्याच्यासारखे आणखी काही सापडतात.” डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हात कोणाचा आहे?”

“आहे एक कारागीर. त्याची नोंद सर्वांना पाहायला खुली आहे.”

“त्याला शिकवलं कोणी?”

नसीमच्या ओठांवर कडवट हसू आले. “कोणी नाही. त्यानं स्वतःच लिहून दिलंय तसं.”

“असा हात मी अजून पाहिलेला नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “बस, चहा टाकते. मग बोलू.”

पण नसीमला पाच वाजताची गाडी गाठायची होती. ती चहाला थांबली नाही.

खेळाचे नाव तिने ‘जवारी’ ठेवले. काचेवर घोडी दिसायची. खेळणाऱ्याचे बोट हीच कानस. प्रत्येक घासण्यासरशी फोनमधून तार वाजायची, आधी बंद, कोरडी, मग हळूहळू उघडत जाणारी. सात तंबोरे, सात घोड्या. बोट चुकीच्या चालीने फिरले की फोन तळहाताला हलकासा झटका देई, बरोबर फिरले की नाद मोकळा होई. हरणाऱ्याला ‘पुन्हा एकदा’ असे शब्द दिसत. आरंभीच्या पाटीवर लिहिले होते: ‘दस्तगीर बारगीर यांच्या स्मृतीस.’

खेळांना खेळणाऱ्याची हस्तलय वाचण्याची मुभा होती, ती ‘अनुकूलना’पुरती. अनुकूलन म्हणजे चाचपडणाऱ्या हातासाठी खेळ आपोआप सोपा होणे. नसीमच्या खेळात अनुकूलनासाठी आकड्यांच्या चार हजार ओळी होत्या. त्यांतली एक ओळ तिने उलटी लिहिली. जयवंताच्या नोंदीतली हस्तलय ज्या हातात आढळेल त्याच्यासाठी खेळ सोपा होणार नव्हता. तो हात आपल्या मूळ चालीने फिरला की प्रत्येक वेळी झटका बसणार होता, तार आणखी बंद होणार होती, आणि शेवटी ‘पुन्हा एकदा’ऐवजी निराळे वाक्य उमटणार होते. ते वाक्य लिहिताना तिने अब्बांची उपडी पडलेली बोटे आठवली. तिने लिहिले: ‘या हातात जवारी नाही.’ आणि जाळे मोठे ठेवले. तापात, थंडीत, उपासात, कोणत्याही दिवशी तो सुटता कामा नये.

स्टोअरचे नियम कडक होते. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वी बारा माणसांनी तो सलग चौदा दिवस खेळून पाहावा लागे. तिने गल्लीतल्या कोणाला त्यात घेतले नाही. नोकरीतल्या मंडळींना गळ घातली. त्यांतल्या एकाने तिसऱ्या दिवशी विचारले, “ताई, खेळ झकास आहे, पण यात मरतं कोण?”

“आहे एकजण,” नसीमने उत्तर दिले. “अजून आलेला नाही.”

तिने स्वतःही तो शेकडो वेळा खेळला. पण निर्मात्याच्या फोनवर अनुकूलन बंद राही; तसा स्टोअरचाच नियम होता.

पहिला अर्ज परत आला, कारण जाहिरातीच्या चित्रात दाखवलेला तंबोरा खेळात नव्हता. दुसरा परत आला, कारण खेळ किती वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे हे सांगायचे राहिले होते. हस्तलय कशासाठी वाचता, या प्रश्नापुढे तिने तिन्ही वेळा ‘अनुकूलनासाठी’ असे लिहिले आणि तिन्ही वेळा ते कोणालाही खटकले नाही. परीक्षण करणाऱ्या यंत्राला चार हजार ओळींत एक ओळ उलटी दिसली असेलही. आकड्याच्या तोंडावर द्वेष लिहिलेला नसतो. एका सकाळी निरोप आला: ‘आपला खेळ आता सर्वांसाठी उपलब्ध आहे.’ सुट्टीचा दिवस होता, नसीम मिरजेच्या घरी होती. तिने फोन फळीवरच्या फडक्यातल्या कानशीसमोर ठेवला आणि काही वेळ हात जोडून उभी राहिली.

समोरच्या घरातून रमजानचाचा आले. ते दस्तगीरांचे पहिले शिष्य, वय बहात्तर, चाळीस वर्षे दोघे एकाच चटईवर बसून घोड्या घासत. शिक्का न मिळाल्याने त्यांचेही काम बंद पडले होते.

“झाला का गं तुझा खेळ? मला पण घालून दे की फोनमध्ये. भाईंचं नाव आहे म्हणतात त्यात.”

“आहे ना, चाचा. हे बघा, पहिलंच.”

चाचांनी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. “जिंकलो तर काय देणार?”

“तुम्हाला काय जिंकायचं त्यात! डोळे झाकून जिंकाल.”

खेळ चालला. पहिल्या आठवड्यात काहीशे, मग हजार, मग महिन्याभरात काही लाख लोकांनी तो घेतला. ज्यांनी तंबोरा कधी पाहिला नव्हता अशी मुले बसच्या थांब्यावर तार उघडत बसत. नसीम रोज एकच यादी पाही: नकाराचे वाक्य कोणत्या गावी उमटले. खेळणाऱ्यांची नावे स्टोअर दाखवत नसे, गावेच तेवढी दाखवी. पुण्याच्या नावापुढे तिला खूण दिसली आणि ती खुदकन हसली. जयवंत पुण्यातच राहत होता. मिरजेपुढेही खुणा होत्या, पुष्कळ होत्या. जात असेल तिकडे, असे तिला वाटले.

एकदा फोनवर तिने सहज विचारले, “चाचा, खेळता की नाही?”

“खेळतो की. रोज खेळतो. सात-सात तास. दुसरं काम काय आहे?” मग ते म्हणाले, “अवघड केलंयस पण.”

“तुम्हाला कसलं अवघड!”

चाचांनी मग, पुण्यात जेवणाचे हाल होतात का, असे विचारले.

जयवंताच्या संस्थेचे वार्षिक संमेलन पुण्यात भरले. जवारीतला पहिला नोंदणीकृत हात म्हणून त्याचा मोठा मान होता. संयोजकांनी हौसेने ‘जवारी’ खेळाची मोठी काच मंचावर आणली, कर्त्या मुलीला तिसऱ्या रांगेत बसवले, आणि जयवंताला विनंती केली की त्यांनी सातवी घोडी उघडून दाखवावी.

“आमच्या मिरजेच्या मुलीनं केलेला खेळ आहे,” जयवंत म्हणाला. त्याने नसीमकडे पाहून मान लववली. पुढे गुरूचे नाव तो घेईल, असे क्षणभर तिला वाटले. त्याने घेतले नाही. त्याने बाह्या सारल्या आणि बोट टेकवले.

तारेतून पत्र्याच्या डब्यासारखा आवाज निघाला. लोक आपुलकीने हसले. दुसऱ्या वेळी आवाज आणखी बसला. तिसऱ्या वेळी हसणे बदलले. जयवंताच्या कपाळावर घाम आला. झटक्यासरशी त्याचा खांदा उडे आणि तो पुन्हा तेच करी, कारण त्याला दुसरे येतच नव्हते. पाचव्या प्रयत्नानंतर पुरुषभर उंचीच्या काचेवर अक्षरे उमटली: ‘या हातात जवारी नाही.’

मागच्या रांगेतून कोणीतरी शीळ घातली. नसीमने डोळे पूर्ण उघडे ठेवले. आठ महिने जे डोळे ओट्यावरचे उपडे हात पाहत होते, त्यांना तिने हे दृश्य पोटभर पाहू दिले. तिला दया आली नाही. तिला एवढेच वाटले, की हे अजून थोडा वेळ चालावे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मिरजेला आली. कारखान्याचे दार उघडून झाडून घेत असताना उंबऱ्याशी सावली पडली.

“ये म्हणणार नाहीस?” जयवंत म्हणाला.

“चोराला आमंत्रण कधीपासून लागायला लागलं, हेर्लेकर साहेब?”

तो उंबऱ्यावरच बसला. “काल बरं वाटलं तुला?”

“फार बरं वाटलं. लोक अजून हसायला हवे होते.”

“हसतील. आजच्या पेपरात आलंय.” त्याने खिशातून फोन काढला. “नसीम, आज पहाटे मी एक करून पाहिलं. डाव्या हातानं खेळलो. माझ्या डाव्या हातानं आयुष्यात कानस धरलेली नाही. चौथ्या खेपेला तार उघडली.”

नसीमच्या हातातला झाडू थांबला.

“तुझा खेळ जयवंताला नाही म्हणत नाही. माझ्या उजव्या हाताला म्हणतो. आणि या हातात माझं असं आहे काय? इथं, याच चटईवर, उस्तादांनी वर्षभर हा हात आपल्या हाताखाली धरला होता.”

“अर्जात तर लिहिलंयत, गुरू नाही म्हणून!”

“लिहिलं. खोटं मी लिहिलं. यंत्र खोटं बोललं नव्हतं, गं. त्यानं एवढंच सांगितलं की हात एक आहे. आधी कोणाचा, ते त्याला मी सांगितलं होतं.” त्याने फोन खिशात ठेवला. “उस्तादांचं नाव घालायचा अर्ज आज दिलाय.”

“आज? लोक हसल्यावर?”

“हो. लोक हसल्यावर,” जयवंत म्हणाला. तो उठला. जाताना त्याने विचारले, “तू दुसऱ्या कोणाच्या फोनवर खेळून पाहिलंस का कधी?”

तो गेल्यावर नसीमने फळीवरून अब्बांचा जुना फोन काढला. तो निर्मात्याचा फोन नव्हता. त्यावर तिने जगातल्या कोणाही परक्यासारखा आपला खेळ उतरवून घेतला. पहिलीच घोडी समोर आली, लहान मुलांना उघडणारी. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत ती याच चटईवर, त्याच हाताखाली बसली होती. तिने बोट फिरवले. पत्र्याचा आवाज आला, तळहाताला झटका बसला. ती पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. वडिलांच्या स्मृतीस वाहिलेल्या पाटीखाली, वडिलांच्याच फोनवर, तिने स्वतः लिहिलेले वाक्य तिच्यासमोर उमटले.

अब्बा कार्यालयात का हसले होते, ते तिला तेव्हा कळले. बुद्धी त्यांची बधिर झाली नव्हती. आपला हात शिष्यात इतका उतरला की यंत्रालाही वेगळा करता येईना, याचे क्षणभर त्यांना कौतुक वाटले होते.

तिने डॉक्टर सोवनींना फोन लावला आणि या वेळी काहीही न लपवता सारे सांगितले.

“हस्तलय जन्मानं येते ती थोडी,” डॉक्टर म्हणाल्या. “उरलेली दुसऱ्याच्या हातातून येते. ज्यानं तुझा हात धरून कामाला लावलं त्याची चाल तुझ्या नसांत बसते. म्हणून मी विचारलं होतं, त्याला शिकवलं कोणी.”

“मी ती ओळ काढून टाकते. आत्ता काढते. मग सगळं पहिल्यासारखं होईल ना?”

“खेळ होईल. हातांचं सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

“अगं, काच नुसती ओळखत नाही, शिकवतेही. उस्ताद हात धरून शिकवायचे; तुझी काच झटके देऊन शिकवते. एखादा हात रोज तासन् तास खेळत असेल, आणि जुन्या चालीनं गेला की झटका, सोडली की गोड नाद, असं हजारो वेळा होत असेल, तर तो हात ती चाल सोडतो. तरुण हात सावकाश सोडतो. म्हातारा हात लवकर, कारण त्याची पकड आधीच सैल झालेली असते.”

“किती दिवसांत?”

“तुझा खेळ येऊन किती दिवस झाले?”

“बेचाळीस.”

नसीमने तिथेच चटईवर बसून ती ओळ सरळ केली, वाक्य पुसले, सुधारलेला खेळ स्टोअरकडे पाठवला. निरोप आला: ‘परीक्षणास तीन दिवस लागतील. आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.’

एवढ्यात समोरच्या घराचे दार धाडकन उघडले. रमजानचाचा फोन डोक्यावर धरून, एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा, असे गल्ली ओलांडून आले.

“उघडली! बेटी, उघडली! सातवी उघडली!”

नसीम उठून उभी राहिली.

“तुला बोललो नाही मी,” चाचा धापा टाकत म्हणाले. “लाज वाटत होती. रोज म्हणायचं, या हातात जवारी नाही, या हातात जवारी नाही. म्हटलं, त्या कचेरीतलं यंत्र नक्कल म्हणालं ते एक असो. पण ही तर आपली पोरगी, भाईंच्या नावानं खेळ केलाय, ती कशाला खोटं सांगेल? आपलाच हात बिघडला असणार. मग बसलो घासत. परवापासून जरा जरा उघडायला लागली. आणि आज बघ!” त्यांनी फोन तिच्या कानाशी धरला. आत तंबोरा भरून वाजत होता.

“चाचा,” नसीम म्हणाली. “एक घोडी घासून दाखवता? खरी?”

“वा! त्यासाठीच तर आलो.”

फळीवरची कानस तिने फडक्यातून सोडवून त्यांना दिली. कोपऱ्यात दस्तगीरांचा शेवटचा, अर्धा राहिलेला तंबोरा उभा होता. चाचा चटईवर आपल्या नेहमीच्या जागी बसले, तारा सैल केल्या, घोडीवर फुंकर घातली आणि कानस चालवली. बेचाळीस दिवसांपूर्वीपर्यंत गल्लीतले कोणीही डोळे मिटून सांगू शकले असते, की हा आवाज दस्तगीरभाईंच्या चटईवरून येतो आहे. आता कानस गुळगुळीत, नेमकी, एकसारखी चालत होती. बसच्या थांब्यावरच्या मुलांची बोटे चालत तशी. त्यांनी तार पिळली, छेडली, कान लावला.

तार कोरडी वाजली.

चाचांनी पुन्हा घासले, तारेखालचे सूत सरकवून पाहिले, पुन्हा छेडले. मग ते हसले. “हवा दमट आहे आज. उद्या काढू.” कानस त्यांनी फडक्यात जशीच्या तशी गुंडाळून तिच्या हातात दिली. “रडतेस का, वेडे? खेळ उघडला की.”

तिला सांगायचे होते. तोंड उघडले, पण चाचांच्या चेहऱ्यावर तो आनंद अजून तसाच होता, कित्येक महिन्यांत प्रथम आलेला, आणि तो तिनेच आणलेला होता. ती वाकली. त्यांच्या पायांना हात लावला. म्हाताऱ्याने आपला उजवा तळवा तिच्या डोक्यावर ठेवला. लहानपणी बोटांवर जाणवायचा तो ओळखीचा कंप त्या तळव्यात कुठे उरला आहे का, हे ती श्वास रोखून शोधत राहिली. वरून चाचांचा आवाज शांतपणे येत होता.

“सुखी राहा, बेटी. भाईंना जन्नत मिळो. आणि तो आमचा जयवंत, पेपरात वाचलं मी, त्यालाही अल्ला बरं ठेवो. आपल्याच घरचा हात आहे तो.”